चांदण्यात तोडलेली तुळई

कुणाच्याही बारशाला गेले की माझी नजर आधी बाळाकडे जात नाही, वर जाते. पाळण्याच्या दोऱ्या जिथं अडकवल्यात तिथं. बायका कौतुकानं विचारतात, "काय हो, कुणाच्या वळणावर गेलंय बाळ?" आणि मी वर बघत म्हणते, "तुळई कसली आहे, सागाची का?" माझ्या सुनेला याची इतकी लाज वाटते की घरातून निघतानाच ती बजावते, "आई, आज वर बघायचं नाही हं." मी हो म्हणते आणि तिथं जाऊन बघतेच. आता या वयात मी काय सुधारणार.

ही खोड मला पहिल्या बाळंतपणात लागली. दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. देहूरोडकडं लष्कराचे डेपो उठत होते आणि आमच्या मावळातले कितीतरी सुतार तिकडं खोकी ठोकायला जाऊ लागले होते. आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, लोणावळ्याला रेल्वेत सुतारकामाला. लग्नाला वर्ष उलटून गेलं, मला दिवस गेले, आणि रीतीप्रमाणं सातव्या महिन्यात मला बैलगाडीत बसवून औंढ्याला माहेरी आणून सोडलं.

मी मुळात एका जागी बसणारी बाई नाही. जेवतानासुद्धा दोनदा उठते. अशा बाईला "आता पडून राहायचं" असं सांगणं म्हणजे शिक्षाच. त्यात उन्हाळा. घरात गार जागा एकच, माजघर. तिथं तुळईखाली आईनं मला अंथरूण घालून दिलं. मी दहा मिनिटं पडायचे, उठायचे, ओसरीवर जायचे, तिथून पडवीत आबांचं काम बघायला जायचे, परत यायचे. पोटातली तीही तशीच. मी पडले की ती लाथा मारायची, मी चालायला लागले की गप्प. आई म्हणायची, "ह्या पोरीच्या पायाला भिंगरी हायच, आता पोटातबी एक भिंगरी."

आबा म्हणजे माझे वडील. गावचे सुतार. नांगर, गाडीची चाकं, दारं, तुळया, सगळं त्यांच्या हातचं. हात चांगला आणि तोंड वाईट. गिऱ्हाईक लाकूड घेऊन आलं की आबा आधी तासायच्या वाकसानं एक ढलपी काढायचे आणि जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून चघळायचे. मग थुंकून सांगायचे, "अंधाऱ्या पंधरवड्यातलं हाय, टाक हितं," नाहीतर, "चांदन्यात तोडलंयस, घिऊन जा." समोरचा कितीही आणाभाका घेऊ दे. चांदणं वाढत जातं तसा झाडात गोड रस चढत जातो आणि त्या गोडीला कीड येते, हे त्यांचं शास्त्र. झाड तोडायचं ते अवसेला धरून, आणि तोडल्यावर एक पावसाळा डोहात बुडवून ठेवायचं, म्हणजे उरलीसुरली गोडी पाण्यात जाते आणि नुसता तुरटपणा उरतो. पाटलाचं लाकूडसुद्धा त्यांनी एकदा गाडीतून उतरू दिलं नव्हतं. दहा गावांत आबांची जीभ प्रसिद्ध होती. लोक दबून असायचे आणि पाठीमागं हसायचेही, "सुतार लाकडाची चव घेतो, बायकोच्या कालवणाची घेत न्हाई" म्हणून.

माजघरातली तुळई ऐनाच्या लाकडाची होती. माझ्या लग्नाच्या आधी दोन-अडीच महिने आबांनी ती चढवलेली. जुनी मधोमध तडकली होती, कित्येक वर्षं खाली टेकू होता. मला बघायला लोणावळ्याची माणसं आली तेव्हा आत पाऊल टाकताच माझ्या होणाऱ्या सासूबाई वर बघून म्हणाल्या होत्या, "घर भक्कम दिसतंय." तुळई चढवली त्याच दिवशी आबांनी तिच्यात दोन लोखंडी कड्या ठोकून ठेवल्या होत्या. लग्न ठरायचं होतं अजून. आईनं विचारलं, "ह्या कशाला?" तर म्हणाले, "पहिला पाळना हितंच हालनार न्हवं?" आमच्याकडं लेकीच्या पहिल्या बाळाचा पाळणा माहेरच्या तुळईला टांगतात. तर मी ज्या तुळईखाली लोळत होते, तिलाच माझ्या बाळाचा पाळणा लागायचा होता.

एका दुपारी उठून बसले तर गोधडीवर पीठ पडलेलं. अगदी बारीक, पिवळसर. झटकलं. दुसऱ्या दिवशी परत. मग दुपारची सगळी सामसूम झाली की वरून आवाज यायला लागला. कुर्र, कुर्र. मध्ये थांबायचा, मी उठून बसले की बंद व्हायचा, मी पडले की परत सुरू. कुणीतरी वाळकी भाकरी चावत असावं तसा. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "उंदीर असंल." उंदीर तुळईच्या पोटात कसा जाईल, मी विचारलं. आईनं मला लिंबाचं सरबत दिलं. माझं तोंड बंद करायचं असलं की आई काहीतरी प्यायला देत असे.

मग मला माशा दिसल्या. गांधीलमाशीच्या जातीच्या, पण लहान, सडपातळ, तांबूस. मागं शेपटीसारखा एक केस, अंगाएवढाच लांब. चार-पाच असतील. पोळं नाही, काही नाही, नुसत्या तुळईवरून फिरायच्या. मी मलाच बघतेय असं वाटायचं. एका जागी टेकायचं म्हणून नाही. मिशांनी लाकडावर टकटक करत पुढं जायचं, मागं यायचं, परत तीच जागा हुंगायची. आणि मग एकदम एखादी थांबायची. पाय ताणून अंग उंच करायची, तो मागचा केस खाली वळवून लाकडावर उभा धरायची आणि लाकडात घालायची. सगळा आत. भोकं पाडायचा सामता आबा दोरीनं फिरवायचे, तरी त्यांना ऐनात भोक पाडायला घाम यायचा. ही चिमूटभर माशी नुसती उभी राहून तेच करत होती. मी उताणी पडून बघत राहायचे. त्या बाळंतपणाआधीच्या दिवसांत मी जेवढा वेळ एका जागी पडले असेन, तो त्या माशांमुळं.

बघता बघता मला भीती वाटायला लागली. पाळणा इथंच बांधायचा. बाळाला चावल्या तर? मी पडवीत गेले आणि आबांना म्हणाले, "आबा, तुळईवर माशा आहेत. लाकडात भोकं पाडतायत. बाळ खाली झोपणार, काहीतरी करा."

आबांचा रंधा थांबला. एरवी मी काही सांगायला गेले की ते वर बघत नसत. त्या दिवशी लगेच उठले. आत आले, वर बघितलं, बराच वेळ. खाली पडलेलं पीठ पायानं मातीत मिसळून टाकलं. मग म्हणाले, "धुरी देतो."

त्यांनी घमेल्यात निखारे घालून वर कडुनिंबाचा पाला टाकला आणि सलग तीन दिवस माजघरात धूर केला. मी ओसरीवर खोकत बसले. शिडी लावून त्यांनी मेण आणि राळ एकत्र तापवून एक-एक भोक बुजवलं, वरून तेलाचा बोळा फिरवला. तुळई नव्यासारखी चकचकीत झाली. त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही. मला आपलं बरंच वाटलं. म्हटलं, तोंडानं कसेही असोत, नातवंडासाठी किती करतायत.

माशा गेल्या. कुर्र कुर्र मात्र चालू राहिली. उलट आता जास्त ऐकू यायची, का मीच जास्त ऐकत होते कोण जाणे.

आमच्याकडं वरच्या ठाकरवाडीतून एक मावशी मोळी घेऊन यायच्या. बदल्यात आई त्यांना भाकरी, ताक, कधी जोंधळे द्यायची. त्या मागच्या अंगणात मोळी टाकून पाणी पीत बसल्या होत्या आणि मी आपली येरझाऱ्या घालत होते. अंगणात सरपणाचा एक जुना ओंडका पडला होता. त्यावर तसलीच माशी. मी पायानं हाकलायला गेले तर मावशी म्हणाल्या, "आसू दे की. तुझं काय खाती ती?"

"लाकूड खाते," मी म्हणाले. "आमची तुळई खाल्ली त्यांनी."

मावशी हसायला लागल्या. एवढ्या सुताराच्या लेकीला एवढं कळू नये याचं त्यांना हसू आलं असणार. उठल्या, कोयत्यानं त्या जागेवरची ढलपी उडवली. आत पिठानं भरलेलं बीळ होतं आणि त्यात करंगळीएवढी पांढरी अळी, मऊ पडलेली. तिच्या पाठीला तांदळाच्या कणीएवढे पाच-सहा किडे चिकटलेले होते, तिचंच रक्त पीत.

"लाकूड खाती ती ही," मावशी अळीकडं बोट करून म्हणाल्या. "हिचा पुढं भुंगा व्हतो. आन् माशी हिच्या अंगावर अंडी घालती. हे बारकं किडं माशीची पोरं. ती हिला खाऊन मोठी व्हत्यात. माशी लाकडावर बसली म्हंजी समजायचं, आत अळी हाय. आमी तसली मोळी बांदत न्हाई, पोकळ आसती."

"आणि माशी गेली तर?"

"अळी संपली म्हून गेली तर बरंच हाय. पर कुरकुर चालू आन् माशी न्हाई, तर मग अळीला इचारनारं कोन ऱ्हायलं?"

 मीच सांगितलं होतं काहीतरी करायला. आमच्या तुळईची राखण करणाऱ्यांना मीच हाकललं होतं, आणि आत किती अळ्या आहेत ते आता कुणाला ठाऊक. मी तशीच, आठव्या महिन्याचं पोट घेऊन, पडवीत गेले आणि सगळं आबांना सांगितलं. अळीचं, माशीचं, सगळं. शेवटी म्हणाले, "पाळणा ओसरीवर बांधू या. तुळई आतून खाल्लीय."

आबा रंधा मारत राहिले. "ठाकरीन आता सुताराला लाकूड शिकीवनार व्हय."

"तुमीच सांगता ना, कीड चांदण्यातल्या लाकडाला लागते म्हणून? मग ह्याला कशी लागली?"

त्यांनी रंधा खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं झाले. "पाळना त्या तुळईलाच लागंल," ते म्हणाले. "न्हाईतर बारसं लोनावळ्याला कर."

मला इतका राग आला की रडूच आलं. माझं बाळ यांच्या हट्टापुढं काहीच नाही, असं वाटलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पिठाची एक चिमूट घेऊन मी गुपचूप जिभेवरही ठेवून बघितली, त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं. पण मला तेव्हा पाणीसुद्धा गोड लागायचं, पोटुशीच्या जिभेचा काय भरवसा. रोज सकाळी उठून आधी गोधडी बघायचे. मेणानं बुजवलेल्या भोकांशेजारी नवीन भोक पडलेलं असायचं, आणि दुपारपर्यंत तेही बुजलेलं असायचं. आई एकदा हळूच म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय." कुणाला उद्देशून म्हणाली ते तिनं सांगितलं नाही, आणि मला सरबत आणून दिलं.

वैशाखात मुलगी झाली. धट्टीकट्टी, आवाज खणखणीत. आबा दारातून बघून गेले. पाचवी झाली, दहा दिवस झाले, आणि ते दहाही दिवस मी बाळंतिणीच्या खोलीत पडून एकच विचार करत होते, बाराव्या दिवशी काय करायचं. तुळई पडेल अशी मला खात्री होती असं नाही. पडणार नाही अशीही नव्हती. तेवढ्यावर कुठल्याही आईला झोप लागत नाही.

बारशाला अर्धं गाव. लोणावळ्याहून सासूबाई, नणंद आल्या. पुरुष ओसरीवर, बायका माजघरात. आबांनी स्वतः केलेला शिसवीचा पाळणा त्या दोन कड्यांना टांगलेला. फुलांच्या माळा सोडलेल्या. रीतीप्रमाणं आधी पाळण्यात वरवंटा घातला, कुंची घालून. बायका गाणं म्हणायला लागल्या. मग नणंदेनं, बाळाच्या आत्यानं, माझ्याकडं हात पुढं केले, "आन गं बाळीला."

मी बाळ छातीशी धरलं आणि म्हणाले, "पाटाबी घाला."

"काय?"

"वरवंट्यानं काय कळतंय? पाटा घाला. जातं घाला. मग बघू." माझी बोली तोवर लोणावळ्याची झाली होती, पण रागात माहेरचीच तोंडात यायची. "तुळई आतनं खाल्लीया. मी माझी पोर तिच्याखाली घालनार न्हाई."

गाणं बंद पडलं. आई पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली. सासूबाई वर बघायला लागल्या, आणि त्यांचं बघून सगळ्याच बायका. कुणीतरी म्हणालं, "सुताराच्या घरात?" आणि कुणीतरी खुसकन हसलं. ओसरीवरचे पुरुष दारात गोळा झाले. त्यांच्यात तो गाडीतून लाकूड परत नेलेला पाटीलही होता.

आबा माणसांतून वाट काढत आत आले. मला वाटलं आता मारतात. पण माझ्याकडं न बघता त्यांनी पाळणा कड्यांतून सोडवला, बाजूला ठेवला. टोपी काढून आईच्या हातात दिली. मग दोन्ही हातांनी दोन कड्या धरल्या आणि पाय उचलले. साठीला टेकलेला माणूस, धोतर सावरायला हात नाही, अर्ध्या गावासमोर तुळईला लोंबकळत होता. कुणी हसलं नाही. तुळई करकरली. त्यांनी अंग हेलकावून झोका घेतला, एकदा, दोनदा. मेणाचे बोळे टपाटपा खाली पडले आणि प्रत्येक भोकातून पिठाची धार लागली. त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, मिशांवर. तुळई पडली नाही. पण तिच्यात काय भरलंय ते लहान पोरालाही दिसलं.

आबा खाली उतरले. दम लागला होता. डोक्यावरचं पीठ त्यांनी बोटावर घेतलं, बघितलं, आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. ती जीभ सगळ्यांनी आपापल्या लाकडावर बघितली होती. 

"गोड हाय," आबा म्हणाले. "चांदन्यातली हाय."

मग पाटलाकडं वळून म्हणाले, "होळीच्या आदल्या दिसी तोडल्याली. भर चांदन्यात. होळीच्या लाकडांत घालून गावात आनली, कुनी इचारू नये म्हून. डोहात एक दिस सुदिक न्हाई ठेवली. जगाला सांगत फिरलो आन् माझ्या घरात हे."

पाटील म्हणाले, "पर का भाऊ? पंधरा दिसांचा तर परश्न व्हता."

आबांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच. "पाडव्याला हिला बघाया मानसं येनार व्हती. आदूगरची दोन ठिकानं घराला टेकू बघूनच फिरलीवती. ही तिसरी." सासूबाईंसमोर बोलतोय हे त्यांना तेव्हा लक्षात आलं असावं. त्यांनी बोलणं तोडून टोपी मागितली.

मला ती दोन ठिकाणं माहीत होती. त्यांनी का नकार दिला हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझ्या रंगामुळं. मी बाळ हातात घेऊन तशीच उभी राहिले आणि हमसून रडले. इतके दिवस मी समजत होते की हा माणूस आपल्या अब्रूसाठी माझ्या पोरीचा जीव टांगणीला लावतोय. आणि त्यानं तर जन्मभराची अब्रू आधीच माझ्यासाठी तुळईत घालून ठेवली होती, दोन वर्षं तिच्याखाली बसून जेवत होता.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि पहिल्या त्याच बोलल्या. "आता पोरीला उपाशी ठेवणार का? बारसं करा कुठंतरी." मग अंगणातल्या फणसाला लुगड्याची झोळी बांधली. पाटील म्हणाले, "ह्यो उभाच हाय, ह्येला चांदनं-अंधार न्हाई." त्यावर सगळे हसले, आबासुद्धा. माझी लेक त्या झोळीत पडल्याबरोबर झोपली. तिला काय.

दुसऱ्या दिवशी चार माणसं बोलावून आबांनी छपराला टेकू दिले आणि तुळई खाली घेतली. अंगणात ठेवून वाकसानं तासायला बसले. मी बाळ मांडीवर घेऊन समोर. वरचं पांढरं लाकूड म्हणजे नुसती चाळण होती, हातानं निघत होतं. पण जसजसे आत गेले तसतसे आबा सावकाश झाले. बिळं होती, पण बहुतेक बिळांत अळीची नुसती वाळलेली कातडी आणि तिच्याशेजारी बारक्या तपकिरी कोशांची रांग. कोश फुटलेले, रिकामे. जिवंत अळ्या मिळाल्या त्या सात-आठ. गाभा काळाभोर, कोरा, एक भोक नाही त्याला. आबांनी तो बोटानं वाजवून बघितला.

"तुझ्या माश्यांनी राखली," ते म्हणाले. "आन् मी त्यांस्नीच धुरी दिली."

"मीच सांगितलं होतं," मी म्हणाले. महिन्याभरानं त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

एका ढलपीत चार कोश अजून बंद होते. बाकीचं सगळं चुलीत गेलं, ती एक ढलपी आबांनी वळचणीला खोचून ठेवली. आठ दिवसांनी ठाकरवाडीच्या मावशी आल्या तेव्हा आबांनी स्वतः उठून त्यांना ती दाखवली आणि विचारलं, "ह्या कवा भाईर पडत्याल?" मावशी म्हणाल्या, "तुमी रोज बघत बसला तर लाजून न्हाई पडायच्या." आबांनी ऐकून घेतलं. माझ्या आठवणीत लाकडाच्या बाबतीत त्यांनी कुणाचं ऐकून घेतलं ते पहिल्यांदाच.

नुसता गाभा उरला तो आधीच्या निम्म्या जाडीचा. आबांनी तो चारी अंगांनी तासून घेतला, खाली एक जादा खांब दिला आणि तीच तुळई परत चढवली. टेकूचं घर होतं ते खांबाचं झालं, आई म्हणाली. त्याच कड्या परत ठोकल्या. माझी लोणावळ्याला जायची वेळ झाली होती, घरून दोनदा निरोप आला होता, पण मी गेले नाही. एकदा तरी पाळणा तिथं हलल्याशिवाय मला जायचं नव्हतं.

कड्या ठोकून झाल्यावर आबा परत लोंबकळले. आता बघायला मी आणि आईच होतो. झोका घेतला, मोठा. तुळईनं आवाज केला नाही, एक कण पडला नाही. उतरले, पाळणा उचलला, आणि दोरी कडीपर्यंत नेऊन थांबले. खाली पडलेली गाभ्याची एक ढलपी उचलली. सवयीनं तोंडाशी नेली आणि मध्येच हात खाली घेतला.

ती माझ्यापुढं धरून म्हणाले, "तू बघ. माझ्या जिभंवर आता कोन इस्वास ठेवनार."

मी ढलपी जिभेवर ठेवली. डोळे मिटून चघळली, त्यांनी शिकवलं होतं तशी. तोंड आवळून आलं.

"तुरट हाय," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी दोरी कडीत अडकवली.